विश्लेषण : बंदर वाढवणला, होडी एडवणची… ‘बाधित’ कोण हे कसे ठरते? सामाजिक शास्त्रांचे मोठे सिद्धांत काय सांगतात?

वाढवण बंदरापासून एडवण सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. मग तेथील मच्छीमार प्रकल्पबाधित ठरतो का? हा प्रश्न सोपा वाटतो, पण अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र त्याची वेगवेगळी उत्तरे देतात.

वाढवण बंदराची चर्चा बहुतेक वेळा आकड्यांत होते. इतके कोटी, इतके टर्मिनल, इतके रोजगार. याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे, पालघर तालुक्यात एडवण हे गाव आहे. सफाळे स्थानकावर उतरून तेथे जाता येते. आशापुरी देवीच्या मंदिरामुळे ते अनेकांना ठाऊक आहे. समजा, या गावातील एका होडीमालकाने सरकारी कार्यालयात जाऊन विचारले, ‘साहेब, मी बाधित आहे का?’ तर समोरून पहिला प्रश्न बहुधा एकच येईल, ‘सातबारा आहे का?’

समुद्राला सातबारा नसतो. संपूर्ण वाद याच एका वाक्यात दडला आहे. जमीन गेली तर किती गुंठे गेली हे मोजता येते. मासळी कमी झाली तर ती कोणाची कमी झाली, किती आणि कशामुळे, हे कोणी ठरवायचे? ज्या विषयांना बारावीनंतर ‘स्कोप नाही’ म्हणून आपल्याकडे बाजूला सारले जाते, त्या सामाजिक शास्त्रांनी गेली दीड-दोनशे वर्षे अशाच प्रश्नांवर डोके चालवले आहे.

वाढवण प्रकल्प आतापर्यंत कुठवर आला?

केंद्राने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण येथील तेव्हाच्या बंदर प्रस्तावाला नकार दिला. नव्या प्रस्तावाला मात्र ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने सशर्त ना-हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरोधातील याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

प्रकल्पाचा खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. समुद्रात १ हजार ४४८ हेक्टर भराव टाकला जाणार आहे. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल उभी राहणार आहेत. येथे सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते आणि जगातील सर्वात मोठी कंटेनर जहाजे लागू शकतात, हे या जागेच्या बाजूचे मुख्य कारण सांगितले जाते. विरोधकांच्या मते हाच पट्टा मासळीच्या प्रजननाचा ‘गोल्डन बेल्ट’ आहे. दोन्ही बाजू एकाच पाण्याकडे बोट दाखवत आहेत, पण एका बाजूला तेथे खोली दिसते आणि दुसरीला मासळी.

हा अभियांत्रिकीचा प्रश्न नाही का?

काही अंशी आहे. भराव कुठे, लाट किती, गाळ कुठे जाईल, याची उत्तरे अभियंत्यांनीच द्यायची. पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स शिकवताना आधी एक गोष्ट सांगितली जाते : गणित सुरू करण्यापूर्वी सिस्टीमची सीमा आखा. बॉयलर सीमेच्या आत धरला तर उत्तर वेगळे आणि बाहेर ठेवला तर वेगळे. प्रस्तुत प्रतिनिधीने चार वर्षे अशा सीमा आखल्या. तेथे ती कुठे आखायची हे प्रश्नपत्रिकेतच दिलेले असे.

समाजाच्या बाबतीत प्रश्नपत्रिका कोणी देत नाही. वाढवणच्या हिशोबाची सीमा बंदराच्या भिंतीवर संपते, डहाणू तालुक्यावर, की एडवण आणि दातिवऱ्यापर्यंत येते? सामाजिक शास्त्रांतील सिद्धांत म्हणजे ही सीमा आखण्याच्या वेगवेगळ्या पद्धती. सिद्धांत म्हणजे मत नव्हे. कोणत्या गोष्टीकडे पाहायचे, कारण कशाला मानायचे आणि पुरावा म्हणून काय धरायचे, हे सिद्धांत आधीच सांगतो. त्यामुळे तो चूक ठरण्याचीही सोय असते.

अर्थशास्त्र काय म्हणते?

अर्थशास्त्रातील पहिली उपयोगी कल्पना ‘बाह्य परिणामां’ची. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. कारखान्याच्या धुराचा त्रास शेजाऱ्याला होतो, पण मालाच्या किमतीत तो त्रास दिसत नाही. म्हणून बाजारातील किंमत खोटी ठरते. सरकारने कर लावून ती दुरुस्त करावी, असे पिगू यांचे म्हणणे.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये याला वेगळे वळण दिले. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही बाजू आपसात तोडगा काढू शकतात, असे त्यांनी दाखवले. आता हे पालघरच्या किनाऱ्याला लावून पाहा. हक्क स्पष्ट आहे का? नाही. वाटाघाट सोपी आहे का? एका बाजूला एक प्राधिकरण आणि दुसऱ्या बाजूला झाईपासून वसईपर्यंतच्या होड्या. म्हणजे कोस यांच्या दोन्ही अटी येथे पूर्ण होत नाहीत. ‘पैसे देऊन विषय मिटवा’ हे सूत्र किनाऱ्यावर का अडते, याचे हे एक सरळ उत्तर आहे.

मोठ्या प्रकल्पांचा फायदा-तोटा मांडताना आणखी एक कसोटी वापरली जाते. निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी ती १९३९ मध्ये मांडली. ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू ‘शकत’ असतील, तर प्रकल्प देशासाठी चांगला. यातील ‘शकत’ हा शब्द महत्त्वाचा. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, असे ही कसोटी म्हणत नाही. कागदावर देश फायद्यात आणि एडवणचा होडीमालक तोट्यात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

समुद्र सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही?

अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीवर एक गाजलेला निबंध लिहिला. समुद्र खुला असेल तर मासळीतून नफा दिसेपर्यंत नव्या होड्या येत राहतात आणि शेवटी नफा संपतो, असे त्यांनी दाखवले. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी हाच धागा ‘सामायिक मालमत्तेची शोकांतिका’ या नावाने जगभर पोहोचवला. गायरान सगळ्यांचे असेल तर प्रत्येक जण एक गुरू जास्त सोडतो आणि गायरान उजाड होते. हार्डिन यांच्या मांडणीत यावर उपाय दोनच : सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरातील पाटबंधारे, कुरणे, जंगले आणि मासेमारीची गावे तपासली. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तिसरा मार्ग दाखवला. अनेक ठिकाणी लोक स्वतःच नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्याला दंडही करतात. अट एवढीच की वापरणारे कोण हे ठरलेले असावे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असावेत, देखरेख आपल्यातीलच माणसांची असावी आणि सरकारने त्या नियमांना मान द्यावा. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पालघरच्या समुद्रात गॉर्डन आणि ऑस्ट्रॉम दोघेही खरे ठरतात. आपल्या गावासमोरच्या समुद्रात आपण मासेमारी करायची, हा येथील जुना अलिखित नियम. पण मासेमारीच्या दोन पद्धती एकमेकींच्या आड येतात. वसई, अर्नाळा, उत्तन भागातील डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना, म्हणजे ‘कवीं’ना बांधलेली असतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने मासळी त्यांत शिरते. सातपाटी, डहाणू भागातील पापलेटसाठीची दालदा जाळी मात्र पाण्यावर वाहत सोडतात. कवी उत्तरेकडे सरकत गेल्या की वाहत्या जाळ्यांना जागा उरत नाही आणि जाळी अडकून फाटतात. या हद्दीवरून वसई आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षे वाद आहे. एडवण या दोन टोकांच्या मधल्या किनाऱ्यावर येते.

याचा वाढवणशी संबंध काय? बंदर, त्याची भिंत आणि जहाजांचा मार्ग यांमुळे जेथे मासेमारी बंद होईल, तेथील होड्या घरी बसणार नाहीत. त्या दुसरीकडे सरकतील. आधीच अपुऱ्या समुद्रात कवी आणि दालदा यांची दाटी वाढेल. बंदराचा एक दगडही न पाहिलेल्या गावात भांडण पोहोचेल ते असे. परिणाम फक्त पाण्यातून पसरत नाही, तो माणसांच्या नियमांतूनही पसरतो. बंदराच्या भिंतीपाशी सीमा आखणाऱ्या हिशोबाला हा परिणाम दिसतच नाही.

राज्यशास्त्र : सरकारला काय दिसते?

अमेरिकी अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी १९९८ मध्ये एक मांडणी केली. राज्य चालवायचे तर समाज ‘वाचता’ आला पाहिजे. त्यासाठी सरकार नकाशे, जनगणना, आडनावे, जमिनीच्या नोंदी तयार करते. नोंदीत जे बसते ते सरकारला दिसते आणि उरलेले नजरेआड होते. सातबारा हे या विचाराचे आपल्या घरातले उदाहरण.

कायद्याने हे अगदीच दुर्लक्षिलेले नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीनमालकांबरोबर आणखी काही जण येतात. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका जंगलावर किंवा जलाशयांवर अवलंबून होती, अशा कुटुंबांचा त्यात समावेश आहे. मच्छीमार आणि नावाडी यांचा तर नावाने उल्लेख आहे. पण अट अशी की ही उपजीविका ‘जमीन संपादन केल्यामुळे’ बाधित झालेली असावी. समुद्रात भराव टाकताना संपादन कोणाच्या जमिनीचे होते? येथे कायद्याची पकड सैल होते. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांच्या भरपाईचा मुद्दा उचलून धरला. त्यानंतर राज्याने अशा प्रकल्पांसाठी नुकसानभरपाईचे धोरण आणले. म्हणजे ही फट अस्तित्वात आहे, हे सरकारनेही मान्य केले आहे.

राज्यशास्त्रातला दुसरा उपयोगी सिद्धांत मॅन्कर ओल्सन यांचा. १९६५ मध्ये त्यांनी सांगितले की समान हित असले म्हणून लोक आपोआप संघटित होत नाहीत. फायदा सगळ्यांना मिळणार असेल तर ‘दुसरा लढेल, मी कशाला?’ असे प्रत्येकाला वाटते. लहान आणि मोठा लाभ असलेले गट लवकर एकत्र येतात, विखुरलेले मागे राहतात. मग पालघरचे मच्छीमार रस्त्यावर कसे उतरतात? ओल्सन यांचेच उत्तर येथे कामाला येते. ज्या संघटनेकडून सदस्याला एरवीही काही मिळते ती टिकते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांतून डिझेल, बर्फ आणि परताव्याची कामे होतात. माणसे आधीच एका वहीत नोंदलेली असतात. ज्या गावात संस्था सक्षम, तेथून मोर्चाला गाड्या भरून जातात. जेथे ती दुबळी, ते गाव जनसुनावणीत मुके राहते. त्याचे नुकसान कमी असते असे मात्र नाही.

मार्क्सचा चष्मा आणि १९४५ चे डहाणू

संघर्षाचा सिद्धांत कार्ल मार्क्स यांच्या नावाशी जोडला जातो. समाज एकजिनसी नसतो. उत्पादनाची साधने कोणाच्या हातात आहेत यावर सत्ता ठरते आणि जे नियम ‘सर्वांच्या हिताचे’ म्हणून सांगितले जातात ते अनेकदा वरच्यांच्या सोयीचे असतात, असे हा सिद्धांत म्हणतो.

हे पालघरला परदेशी पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव पट्ट्यातील वारली आदिवासी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्यांना संघटित केले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा त्या लढ्याने मोडली. या लढ्यावरील गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हाच चष्मा किनाऱ्यावर वळवला की एक अवघड गोष्ट दिसते. ‘मच्छीमार’ हा एकच गट नाही. होडीचा मालक वेगळा, तांडेल वेगळा आणि रोजावर किंवा हिश्श्यावर येणारा खलाशी वेगळा. अनेक खलाशी आतल्या गावांतील आदिवासी असतात. किनाऱ्यावर मासळी निवडणारी, सुकवणारी आणि टोपलीतून विकणारी बाई आणखी वेगळी. भरपाई होडीच्या परवान्यावर ठरली तर मालकाला मिळेल. खलाशाचे आणि विक्रेतीचे नाव कोणत्या कागदावर आहे? म्हणजे सीमा फक्त नकाशावर आखली जात नाही, ती होडीच्या आतही आखली जाते.

दुसऱ्या बाजूनेही हा चष्मा वापरायला हवा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या, मासेमारीत भविष्य न दिसणाऱ्या तरुणाला बंदरातील नोकरी हवीशी वाटू शकते. त्याला ‘फितूर’ म्हणणे सोपे आहे, पण त्याचेही हित खरे आहे. ‘गाव’ नावाचा एकच आवाज नसतो, हे संघर्षाचा सिद्धांत दोन्ही बाजूंना ऐकवतो.

नारळी पौर्णिमा आणि मॅलिनोव्हस्की

सगळेच संघर्षातून समजत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९० च्या दशकात समाजशास्त्राला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे केले. समाज म्हणजे व्यक्तींची नुसती बेरीज नव्हे. रूढी, सण, कायदे यांना स्वतःचे बळ असते आणि ते माणसांना बांधून ठेवतात, असा त्यांचा विचार.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तेथील लोक आतल्या शांत पाण्यात मासेमारी करताना मंत्रतंत्र करत नसत. खुल्या, धोक्याच्या समुद्रात जाताना मात्र विधी कटाक्षाने होत. त्यांचा निष्कर्ष असा की विधी हे अज्ञान नव्हे, ज्यावर माणसाचा ताबा नाही अशा धोक्याला सामोरे जाण्याची ती सोय आहे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या किनाऱ्यावर हे लगेच पटते. आणखी एक काम हा सण करत आला. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या काळात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळ पडल्यावरच बाहेर काढायच्या. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते. कायद्याच्या कितीतरी आधी सणाने ही बंदी पाळून घेतली होती. ऑस्ट्रॉम ज्याला स्थानिक नियम म्हणतात, तो येथे देवाच्या नावाने होता.

जर्मन अभ्यासक मॅक्स वेबर यांनी एक पायरी पुढची सांगितली : माणसाच्या कृतीला तो स्वतः काय अर्थ देतो, हे समजल्याशिवाय ती कृती समजत नाही. ‘इतकी रक्कम देऊ करूनही लोक विरोध का करतात?’ असे अधिकारी विचारतात. ज्याला ते एकरकमी उत्पन्नाचे नुकसान समजतात, तो समोरच्यासाठी वडिलांकडून आलेला धंदा, गावातील मान आणि मुलीला कोणत्या घरी द्यायचे इथपर्यंतचा प्रश्न असू शकतो.

यातला धोकाही महाराष्ट्राने पाहिला आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये पुढे त्याचे प्रमुख झाले. १९४० च्या दशकात त्यांचा आणि व्हेरियर एल्विन यांचा आदिवासींवरून मोठा वाद झाला. एल्विन म्हणत, आदिवासींना बाहेरच्या शोषणापासून जपा. घुर्ये म्हणत, ते हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, त्यांना मुख्य प्रवाहात आणा. दोघांकडेही अभ्यास होता. तरी आपण काय व्हावे, हे आदिवासी स्वतः ठरवतील, ही बाजू त्या वादात क्षीणच होती. वाढवणच्या चर्चेतही ‘मच्छीमारांचे भले’ दोन्ही बाजूंनी सांगितले जाते, तेव्हा हा जुना वाद आठवावा.

तारापूरचा धडा काय?

जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिच बेक यांचे ‘जोखमीचा समाज’ ही कल्पना मांडणारे पुस्तक १९८६ मध्ये, चेर्नोबिल दुर्घटनेच्याच वर्षी आले. आधुनिक उद्योग संपत्तीबरोबर जोखीमही तयार करतो. ती डोळ्यांना दिसत नाही, ती मोजायला तज्ज्ञ लागतात. म्हणून जोखीम किती हे सांगणाऱ्याच्या हातात सत्ता जाते.

बोईसर-तारापूर या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र येथे १९६९ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवली गेली. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. तिच्या सांडपाण्याविरोधात अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. लवादाने शंभरावर कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. येथे कळीचा मुद्दा पुराव्याचा. जाळ्याला येणारी मासळी घटली, हे मच्छीमाराला दिसते. पण त्याचे कारण सिद्ध करायला नमुना, प्रयोगशाळा आणि अहवाल लागतो. ते त्याच्याकडे नसतात.

व्याख्या बदलली की सत्य बदलते?

पीटर बर्जर आणि थॉमस लकमन यांनी १९६६ मध्ये सांगितले की आपण ज्याला वास्तव समजतो त्याचा मोठा भाग समाजाने ठरवलेल्या वर्गवाऱ्यांतून घडतो. ऐकायला हे हवेतले वाटते. पण डहाणू प्राधिकरणाचे दोन निर्णय शेजारी ठेवा. अधिसूचना १९९१ चीच. १९९८ मध्ये उत्तर ‘नाही’ आणि २०२३ मध्ये ‘अटींसह हो’. प्रस्ताव वेगळा होता, अभ्यासही नवे होते, हे खरे. पण मधल्या काळात बंदर हे ‘उद्योग’ या वर्गवारीत मोडते का, याची सरकारी व्याख्याही बदलली. समुद्र तोच राहिला, पण त्याच्याकडे पाहणारा फॉर्म बदलला.

मग बरोबर सिद्धांत कोणता?

एकच निवडायचा नसतो. प्रत्येक सिद्धांताला एक आंधळा कोपरा आहे. अर्थशास्त्र मोजते, पण ज्याला किंमत नाही ते सोडून देते. संघर्षाचा सिद्धांत सत्ता दाखवतो, पण एकमेकांशी भांडणारे मच्छीमार वादळात एकमेकांची होडी ओढून का आणतात, हे त्याला नीट सांगता येत नाही. दुर्खीम यांची वाट एकोपा दाखवते आणि त्या एकोप्यातील खलाशाचा कमी हिस्सा झाकते. ऑस्ट्रॉम यांचे नियम गावागावांत चालतात, पण ७६ हजार कोटींच्या प्रकल्पासमोर गावाचा नियम कितपत टिकेल, हे त्यांच्या उदाहरणांतून समजत नाही.

‘एडवण बाधित आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सीमेवर अवलंबून आहे. भरावाची सीमा धरली तर नाही. मासळी आणि होड्यांच्या हालचालीची सीमा धरली तर होण्याची शक्यता आहे आणि ती आताच मोजायला हवी. कारण बंदर उभे राहिल्यावर ‘आधी किती मासळी मिळत होती?’ याचा पुरावा नंतर तयार करता येत नाही. सोसायटीच्या वह्या, डिझेलच्या नोंदी, कोणत्या महिन्यात कोणती मासळी कुठे मिळाली याचे रोजचे टिपण ही आज घरगुती वाटणारी माहिती उद्या एडवणची एकमेव साक्ष असू शकते. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव असल्याने हा प्रश्न एका प्रकल्पापुरता राहिलेला नाही.

पुढचा अहवाल वाचताना काय पाहाल?

कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल, जनसुनावणीची बातमी किंवा नेत्याचे भाषण समोर आले की पाच प्रश्न विचारून पाहा.

१. हिशोबाची सीमा कुठे आखली आहे आणि ती कोणी आखली?

२. फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या खात्यात आहे की वेगवेगळ्या?

३. भरपाई कोणत्या कागदावर ठरणार आणि तो कागद कोणाकडे नाही?

४. स्थानिकांनी स्वतः केलेले नियम कोणते आणि प्रकल्पानंतर ते टिकतील का?

५. नुकसान सिद्ध करण्याचे ओझे कोणावर टाकले आहे?

पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील, तर तो अहवाल अजून अर्धाच आहे, असे समजायला हरकत नाही.